गाडी घेतेस ना? मग आधी चेसिस नंबर माग

सोनू, काल रात्री तुझा फोन ठेवला आणि मला बराच वेळ झोप आली नाही. तुझा आवाज अगदी पडला होता गं. दोन वर्षं पगारातून बाजूला काढून काढून तू डाउन पेमेंट जमवलंस, चार शोरूम पालथी घातलीस, एक गाडी मनात पक्की केलीस. आणि बुकिंग करून तीन दिवस होतात न होतात तोच ऑफिसातली एक मैत्रीण म्हणाली, "त्या मॉडेलला रिकॉल निघालाय, कशाला घेतेस?" झालं, सगळा आनंदच गेला. फोनवर मी नुसतं "बघू" म्हटलं, कारण ही गोष्ट दोन वाक्यांत उरकण्यासारखी नाही. आता घरातली कामं आवरून बसलेय, सगळं नीट लिहिते.

पहिली गोष्ट, बुकिंग आज रद्द करू नकोस. आणि दुसरी, त्या मैत्रिणीवर रागावूही नकोस. तिने कळकळीनेच सांगितलंय. फक्त तिने अर्धंच सांगितलंय.

"रिकॉल" हा शब्द ऐकला की वाटतं, त्या सगळ्याच गाड्या वाईट निघाल्या. खरं तर होतं ते असं. एखादा भाग काही काळ सदोष बनून येतो, किंवा कारखान्यात बसवतानाच काही चुकतं. ते लक्षात आलं की कंपनी जाहीर करते: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत बनलेल्या गाड्या आमच्या सर्व्हिस सेंटरला आणा, आम्ही तो भाग तपासू, लागला तर फुकट बदलून देऊ. रिकॉल गाजतो मॉडेलच्या नावाने, पण असतो तारखांचा आणि चेसिस नंबरांचा. जुलै २०२३ मध्ये मारुतीने एस-प्रेसो आणि ईको या गाड्या स्टेअरिंगच्या टाय रॉडसाठी परत बोलावल्या. त्या होत्या ८७,५९९, आणि ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळात बनलेल्या. त्यानंतर महिन्याभराने बनलेली तीच गाडी, तोच रंग, तीच किंमत, पण त्या यादीत नाही. तेव्हा "या मॉडेलला रिकॉल आहे का?" एवढंच विचारून भागत नाही. विचारायचं ते असं: मला मिळणारी ही गाडी त्या यादीत आहे का, आणि असली तर काम झालंय का?

मग बघायचं की दोष कसला आहे. घरात नळ ठिबकणं वेगळं आणि गॅसची नळी गळणं वेगळं. दोन्ही दुरुस्तच करायचं असतं, पण नळी गळत असेल तर आपण आधी खिडक्या उघडतो आणि शेगडीला हात लावत नाही. रिकॉलचंही तसंच. जानेवारी २०२३ मध्ये मारुतीनेच १७,३६२ गाड्यांचा एअरबॅग कंट्रोलर बदलायला घेतला, तेव्हा ग्राहकांना स्पष्ट सांगितलं की भाग बदलेपर्यंत गाडी चालवूच नका. असं वाक्य दिसलं की वाद घालत बसायचं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये होंडाने ९० हजारांवर जुन्या गाड्यांचे फ्युएल पंप बदलायचं जाहीर केलं, कारण पंपातला भाग बिघडला तर इंजिन बंद पडू शकत होतं. आता चालू गाडीचं इंजिन बंद पडणं म्हणजे काय, हे तू कुंभार्ली घाट डोळ्यांपुढे आणून बघ. ट्रक मागे लागलेला, वळण समोर, आणि तुझं स्टेअरिंग एकदम जड झालेलं. याउलट नोव्हेंबर २०२५ मध्ये ३९,५०६ ग्रँड विटारा परत बोलावल्या त्या पेट्रोलचा काटा चुकीचा दाखवू शकतो म्हणून. काम करून घ्यायचंच, पण तेवढ्यासाठी झोप उडवून घ्यायची नाही.

ब्रेक, स्टेअरिंग, एअरबॅग, सीटबेल्ट, इंधनाची गळती, आग आणि चालता चालता बंद पडणारं इंजिन. या सातांपैकी काही असेल तर काम पुरं झाल्याशिवाय गाडीत बसायचं नाही. बाकीचं सर्व्हिसिंगच्या वेळी.

आता एक गोष्ट सांगते. ती मी तुला आजवर सांगितली नव्हती. आईलाही माहीत नाही.

माझी पहिली गाडी आठवते ना, ती चंदेरी सेकंडहँड? ज्या गाडीवर तू थिबा पॅलेसच्या रस्त्यावर क्लच सोडायला शिकलीस? ती घेतली तेव्हा मी टायर बघितले, इंजिनचा आवाज ऐकला, इन्शुरन्स बघितला, आणि मला वाटलं की मी फार हुशारीने गाडी घेतली. आरटीओत नावावर करताना एजंटने चेसिस नंबरचा छाप घेतला होता. गाडीच्या पत्र्यावर कोरलेल्या नंबरावर कागद ठेवून वर पेन्सिल घासतात, मग अक्षरं पांढरी उमटतात, तसा. एक छाप फॉर्मला लागला आणि दुसरा मी फाइलमध्ये ठेवला. तो कागद दोन वर्षं माझ्या कपाटात होता. त्या नंबराचं काय करायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सर्व्हिसिंग मी नाक्यावरच्या गॅरेजमध्ये करायची, स्वस्त पडतं म्हणून. दोन वर्षांनी एसी थंड करेना, तेव्हा पहिल्यांदा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. काउंटरवरच्या मुलीने चेसिस नंबर टाकला, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, या गाडीवर एक कॅम्पेन पेंडिंग आहे. ड्रायव्हर साइड एअरबॅग." मला वाटलं काहीतरी स्कीम असेल. रिकॉलला सर्व्हिस सेंटरात कॅम्पेन म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. कंपनीने पत्र पाठवलं होतं, पण ते पहिल्या मालकाला. तो घर बदलून गेलेला, नंबरही बदललेला. पत्र गेलं कुठे देव जाणे, आणि गाडी माझ्या दारात.

मी काचेपलीकडे उभी राहून बघत होते. मेकॅनिकने आधी बॅटरीची वायर काढली, घड्याळात बघितलं आणि काही मिनिटं नुसता थांबला. मग स्टेअरिंगच्या मधला हॉर्नचा भाग सोडवला आणि तो बाहेर काढून, पोटापासून लांब धरून, टेबलाकडे घेऊन गेला. उकळत्या भाताचं पातेलं दोन्ही हातांनी लांब धरून नेतात ना, अगदी तसा. तो ज्या काळजीने चालत होता, ते बघून माझे पाय गार पडले. कारण ती वस्तू दोन वर्षं माझ्या छातीसमोर होती. आणि दर रविवारी तुझ्या.

तासाभरात काम झालं. बिल शून्य. पण त्या रात्री मी जेवले नाही.

पुढे मी या एअरबॅगांबद्दल बरंच वाचलं. टकाटा नावाची एक जपानी कंपनी जगातल्या कितीतरी गाड्यांना एअरबॅग पुरवायची. एअरबॅग क्षणात फुगते ती एका धातूच्या डबीतल्या रसायनामुळे. ते जळतं, वायू तयार होतो, पिशवी फुगते. टकाटाने त्या डबीत अमोनियम नायट्रेट वापरलं होतं. वर्षानुवर्षं ऊन आणि दमट हवा लागून ते रसायन बिघडत गेलं. मग धडक बसली की ते नको तितक्या वेगाने जळायचं, डबीच फुटायची, आणि जीव वाचवायला बसवलेल्या पिशवीतून धातूचे तुकडे माणसावर उडायचे. माणसं दगावली. एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख एअरबॅगा बदलायची वेळ आली आणि २०१७ मध्ये टकाटा दिवाळखोरीत गेली. भारतातही होंडाने सिटी, जॅझ, सिव्हिक, अकॉर्ड अशा गाड्या त्यासाठी परत बोलावल्या. अमेरिकेत फ्लोरिडासारख्या उष्ण, दमट भागातल्या गाड्या आधी बदलायला घेतल्या, कारण धोका तिथे जास्त. आता मला सांग, रत्नागिरी-चिपळूणपेक्षा दमट अजून काय असतं? म्हणून आपल्या कोकणातल्या माणसाने एअरबॅगच्या रिकॉलकडे कानाडोळा करायचा नाही, मग गाडी कितीही जुनी असो.

एवढं सांगून आता उलटी बाजूही सांगते, कारण तुला नुसतं घाबरवायचं नाहीये. रिकॉल निघाला याचा अर्थ दोष सापडला, कबूल केला गेला आणि त्यावर इलाज ठरला. ज्या गाडीला कधीच रिकॉल निघाला नाही ती निर्दोष असेलच, असं नाही. कदाचित तिचा दोष अजून कुणी शोधला नसेल, किंवा कुणी बोललं नसेल. आपल्याकडे २०१२ मध्ये कंपन्यांनी आपणहून रिकॉल काढण्याची पद्धत ठरवून घेतली, त्याआधी असलं काही फारसं कानावर यायचं नाही. पुढे २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात रिकॉलचं कलम आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले. आता सात वर्षांच्या आतल्या गाड्यांबाबत तक्रारी वाढल्या तर सरकार चौकशी करून कंपनीला रिकॉल काढायला भाग पाडू शकतं आणि दंड करू शकतं. तेव्हा गेल्या काही वर्षांत रिकॉल जास्त दिसतात, ते गाड्या बिघडल्या म्हणूनच असं समजू नकोस. आता ते झाकून ठेवणं कठीण झालंय.

मी कंपनीला जोखते ती दोन गोष्टींवर. दोष कळल्यावर तिने किती लवकर सांगितलं, आणि दुरुस्तीचा भाग सर्व्हिस सेंटरला खरंच मिळतोय का. दुसरी गोष्ट तुला घरबसल्या कळणार नाही. शनिवारी सकाळी सर्व्हिस सेंटरच्या दारात जाऊन उभी राहा. गाडी घ्यायला आलेल्या माणसांशी बोल. "भाग यायला किती दिवस लागले हो?" एवढंच विचार. सेल्समन जे सांगणार नाही ते तिथे पाच मिनिटांत कळेल.

आता तुझी दुसरी भीती, गाडी टिकेल का ही. सोनू, इथे सगळेच जण तीन गोष्टींची खिचडी करतात. स्टार, रिकॉल आणि टिकाऊपणा. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्याकडे भारत एनकॅप सुरू झालं, त्यात गाड्यांना स्टार मिळतात. ते सांगतात की ठरावीक वेगाने, ठरावीक पद्धतीने धडक बसली तर आतल्या माणसाचं किती रक्षण होईल. रिकॉल सांगतो की अमुक गाड्यांतला अमुक भाग सदोष आहे. आणि टिकाऊपणा म्हणजे पाच वर्षांनी पावसाळ्यातल्या सकाळी चावी फिरवल्यावर ती सुरू होते का. पाच स्टारची गाडी वर्षातून चारदा वर्कशॉपला जाऊ शकते, आणि कधीच न बिघडणारी गाडी धडकेत कुचकामी ठरू शकते. तुझ्यासाठी मी क्रम लावला तर आधी स्टार आणि एअरबॅगा, मग टिकाऊपणा. वर्कशॉपच्या फेऱ्या मनस्ताप देतात, पण तो सोसून माणूस घरी येतो.

टिकाऊपणाचं मात्र कुठलंही प्रमाणपत्र मिळत नाही. तिथे शहाणपण जुनंच आहे. अगदी नव्याने आलेलं मॉडेल पहिल्या वर्षात घेऊ नये. पहिल्या पावसाळ्यात आणि पहिल्या उन्हाळ्यात त्याचं काय होतं ते इतरांना बघू दे. नुसतं मॉडेल विचारू नकोस, इंजिन आणि गिअरबॉक्सची जोडी विचार, कारण एकाच नावाच्या गाडीत एक जोडी वर्षानुवर्षं चालते आणि दुसरी डोकं खाते. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तासभर रांगत जाणार असशील तर ऑटोमॅटिक घे, पण ती कुठल्या प्रकारची, ते नीट विचार. काही ड्युअल क्लच गिअरबॉक्स अशा रांगण्यात तापतात. टॅक्सीवाल्यांना विचार. लाखभर किलोमीटर चालवलेला माणूस गाडीबद्दल खोटं बोलत नाही. आणि कंपनी इथे राहणार आहे का, हेही बघ. शेवरलेने २०१७ च्या अखेरीस भारतात विक्री थांबवली, २०२१ मध्ये फोर्डने इथलं उत्पादन बंद करण्याचा निर्णय घेतला. गाड्या चांगल्या होत्या, लोक अजून प्रेमाने चालवतात, पण कंपनी गेली की पुन्हा विकायच्या वेळी मालकाच्या पोटात गोळा येतोच.

समजा हे बुकिंग नाहीच जमलं आणि तू सेकंडहँडकडे वळलीस, तर माझी चूक करू नकोस. आरसीवरचा चेसिस नंबर घे. तो १७ अक्षरं-आकड्यांचा असतो. पत्र्यावर कोरलेला नंबर फडक्याने पुसून त्याच्याशी अक्षर न् अक्षर जुळवून बघ. मग कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉलच्या पानावर तो टाक, किंवा कुठल्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरला जाऊन विचार, "या चेसिसवर एखादं कॅम्पेन पेंडिंग आहे का?" काम झालंय म्हणाले तर सर्व्हिस हिस्टरीची प्रिंट माग, त्यात तारीख आणि किलोमीटर दिसतात. विकणारा "सगळं झालंय हो" म्हणाला, तर हसून म्हण, "मग प्रिंट द्यायला काय हरकत आहे?" चावी ऑन केली की एअरबॅगचा लाल दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो लागलाच नाही तर तिथे पाणी मुरतंय समज. आणि गाडी नावावर झाली की त्याच आठवड्यात कंपनीकडे तुझा मोबाइल नंबर नोंदव. पुढचं पत्र तुझ्याच दारात आलं पाहिजे.

पुरात बुडालेली गाडी ओळखायला मात्र कुठलीच वेबसाइट कामाला येत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात काय झालं ते आपण दोघींनी बघितलंय. बाबांच्या दारासमोर किती गाड्या चिखलात टपापर्यंत बुडाल्या होत्या. त्याआधी २०१९ ला सांगली-कोल्हापूर, २००५ ला मुंबई. त्या गाड्या धुवून-पुसून कुठे गेल्या असतील, याचा विचार कर. म्हणून सेकंडहँड गाडी बघताना सीटबेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत ओढून बाहेर काढ. सीट कव्हर बदलतात, कार्पेट बदलतात, पण बेल्टच्या मुळाशी राहिलेली मातीची तपकिरी रेघ बऱ्याचदा तशीच असते. सीटखालच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का बघ, स्टेपनी उचलून खालच्या खळग्यात बोट फिरव. गाळ हाताला लागला तर तिथूनच परत फिर. पाण्यात बुडालेल्या गाडीच्या एअरबॅगचं आणि वायरिंगचं कुणीच काही सांगू शकत नाही.

आता तुझ्या बुकिंगचं. उद्या शोरूमला जा, एकटी जा. सोबत कुणी पुरुष असला की सेल्समन त्याच्याशीच बोलतो, आणि गाडीचे हप्ते तर तू भरणार आहेस. त्याला सांग की रिकॉलची नोटीस दाखवा. तिच्यात उत्पादनाच्या तारखा असतात. गाडी अलॉट झाली की चेसिस नंबर आणि बनल्याचा महिना व्हॉट्सअ‍ॅपवर नको, ईमेलवर माग. गाडी त्या तारखांत येत असेल तर काम करूनच द्या, आणि काम झाल्याचं जॉब कार्ड डिलिव्हरीच्या कागदांत लावा, असं लिहून कळव. आणि हे सगळं पासिंगच्या आधी. एकदा गाडी तुझ्या नावावर नोंदली गेली की तुझा हात दगडाखाली. टाळाटाळ झाली तर बुकिंगचे पैसे परत माग. तरीही ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

आणि हे सगळं विचारताना कुणी म्हणेल, "मॅडम, एवढं कुणी विचारत नाही." म्हणू दे. मी विचारलं नव्हतं. त्या दोन वर्षांत काही झालं नाही ही देवाची कृपा, माझी हुशारी नव्हे. स्टेअरिंगमागे बसलेला तुझा तो घाबरलेला, घामेजलेला चेहरा मला अजून दिसतो, आणि दरवेळी वाटतं की तो पेन्सिलचा कागद मी एकदा तरी उघडून बघायला हवा होता.

तुझी गाडी येऊ दे. गणपतीत तू आई-बाबांना घेऊन ये, मागच्या सीटवर दोघांनाही बेल्ट लावायला लाव, बाबा कुरकुरले तरी. आणि अलॉटमेंट झाली की ऑफिसात पेढे वाटण्याआधी मला चेसिस नंबरचा फोटो पाठव. नंबराची १७ अक्षरं आपण दोघी मिळून मोजू.